सहृदय नकार

१९१८ च्या ऑगस्ट महिन्यात, पहिल्या महायुद्धाचा निकाल अद्याप लागावयाचा असताना, अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या मॉन्टगमरी शहरानजीकच्या लष्करी छावणीत तैनात असलेल्या एका लेफ्टनंटला न्यूयॉर्कहून एक पत्र आले. त्याचे नाव फ्रान्सिस स्कॉट फिट्झजेराल्ड. वय २१ वर्षांचे. आपणास युरोपच्या रणभूमीवर धाडण्यात येईल आणि तेथून आपण जिवंत परतणार नाही, अशी त्याची जवळजवळ खात्री झालेली असल्यामुळे, मागे काहीतरी राहावे या एकाच ध्यासाने त्याने कॅन्ससमधील लेव्हनवर्थच्या ठाण्यात, शनिवार-रविवारच्या सुट्या अधिकाऱ्यांच्या क्लबात कागदांवर वाकून घालवीत, तीन महिन्यांत सुमारे १,२०,००० शब्दांची कादंबरी लिहून काढली होती. ‘द रोमँटिक इगोटिस्ट’ हे तिचे नाव. शेन लेस्ली या आयरिश लेखकाने, युद्धकाळात मरण पावलेल्या रुपर्ट ब्रुक या इंग्रज कवीशी त्याची तुलना करणारे शिफारसपत्र जोडून ते बाड चार्ल्स स्क्रिब्नर्स सन्स या नामांकित प्रकाशनसंस्थेकडे रवाना केले होते. आणि १९ ऑगस्ट ही तारीख घातलेले हे पत्र त्याच संस्थेचे होते. कादंबरी नामंजूर झाली होती.

हे पत्र संस्थेच्या नावाने गेले असले, तरी त्यामागे मॅक्सवेल पर्किन्स नावाचा ३३ वर्षांचा एक मितभाषी संपादक उभा होता. कित्येक दिवसांत इतके चैतन्य असलेले लेखन आपल्याकडे आले नव्हते, हे त्याने प्रारंभीच मोकळेपणाने मान्य केले. युद्धामुळे सरकारने पुस्तकांच्या संख्येवर घातलेले निर्बंध आणि छपाईचा वाढलेला खर्च ही नकाराची बाह्य कारणे त्याने सांगितली. परंतु तेवढ्यावर थांबून सरकारच्या माथी सारा दोष मारण्याची सोय त्याने स्वतःला करून दिली नाही. एरवी आम्ही लेखनावर टीका करण्याचे टाळतो, कारण तो आमचा अधिकार नव्हे आणि लेखकाला तिचा राग आला तर तो अनाठायी म्हणता येत नाही, अशी प्रस्तावना करून त्याने कादंबरीच्या मुख्य वैगुण्यावर नेमके बोट ठेवले. नायक एका प्रसंगातून दुसऱ्या प्रसंगात वाहत जातो, परंतु त्याच्या आयुष्याला किंवा स्वभावाला जेथे कथा संपावी असे वाटेल असा कोणताही टप्पा येत नाही. त्यामुळे पुस्तक संपते, कथा मात्र संपत नाही. महत्त्वाचे प्रसंग अधिक ठसठशीत करावेत, आणि लेखकाला या सूचना पटून त्याने पुन्हा लिहिले तर आम्ही ते लेखन अवश्य फिरून वाचू, असे सांगून पत्र संपले होते.

फिट्झजेराल्डने काही आठवड्यांत दुरुस्त्या करून बाड पुन्हा पाठविले. ऑक्टोबर अखेरीस ते पुन्हा परत आले. संस्थेतील वयोवृद्ध संपादकांना ते मुळीच रुचले नव्हते, आणि त्यांच्यापुढे पर्किन्सचे एकट्याचे मत टिकले नाही. त्यानंतर पर्किन्सने जे केले ते प्रकाशनव्यवसायाच्या इतिहासात विरळाच म्हणावे लागेल: लेखकाच्या संमतीने त्याने ते हस्तलिखित दोन प्रतिस्पर्धी प्रकाशकांना दाखविले. ते प्रकाशक ते स्वीकारतील की काय याची त्याला मनातून धास्ती होती, कारण त्या लेखनात अजून किती सुधारणा होऊ शकते हे त्यालाच दिसत होते. दोन्ही प्रकाशकांनी ते एका शब्दाच्याही अभिप्रायाविना परत केले.

पुढचा वृत्तान्त साहित्याच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे. युद्ध संपले, लेफ्टनंट रणभूमीवर गेलाच नाही, आणि १९१९ च्या प्रारंभी लष्करातून मोकळा होऊन तो न्यूयॉर्कमध्ये एका जाहिरातसंस्थेत ट्रामगाड्यांत लावावयाच्या जाहिराती लिहू लागला. रात्री कथा लिहाव्यात, त्या मासिकांकडे पाठवाव्यात आणि त्या परत याव्यात, असा क्रम सुरू झाला. आपल्या खोलीच्या भिंतींवर आपण नकाराच्या १२२ छापील चिठ्ठ्या पट्टीसारख्या टाचून ठेवल्या होत्या, असे त्याने स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे. झेल्डा सेअर या तरुणीशी ठरलेले लग्न मोडले. जुलैत नोकरी सोडून तो मिनेसोटातील सेंट पॉल येथे आईवडिलांच्या घरी परतला आणि तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत बसून त्याने ती कादंबरी मुळापासून नव्याने लिहिली. प्रथमपुरुषी निवेदन तृतीयपुरुषी झाले, नावही बदलले. सप्टेंबरात ती पुन्हा स्क्रिब्नर्सकडे गेली. संपादकांच्या बैठकीत मालक प्रतिकूल असल्याचे दिसताच पर्किन्सने, असल्या लेखकाला आपण परतवून लावणार असू तर मला या व्यवसायात स्वारस्य उरणार नाही, अशा आशयाचे उद्गार काढले. १६ सप्टेंबर १९१९ रोजी त्याने स्वीकृतीचे पत्र लिहिले, आणि २६ मार्च १९२० रोजी ‘धिस साइड ऑफ पॅरॅडाइज’ प्रसिद्ध झाली. पहिल्या आवृत्तीच्या ३,००० प्रती तीन दिवसांत संपल्या.

ही कथा सामान्यतः चिकाटीचा विजय म्हणून सांगितली जाते. मला तिचे मर्म निराळे वाटते. त्या १२२ चिठ्ठ्यांनी फिट्झजेराल्डला काय शिकविले? त्या भिंतीवर राहिल्या, एवढेच. ऑगस्ट १९१८ च्या पत्राने मात्र एका तरुण लेखकाला त्याच्या कृतीत काय आहे आणि काय नाही हे दोन्ही सांगितले, आणि वर्षभराने त्याने जे पुनर्लेखन केले त्यात त्या पत्राचा वाटा निःसंशय होता. नकाराचे सौजन्य हे त्यातील गोड शब्दांवर अवलंबून नसते. पत्र लिहिणाऱ्याने ते लेखन खरोखर अखेरपर्यंत वाचले आहे, त्याच्याविषयी काही विचार केला आहे, आणि तो विचार लेखकाला दुखवेल या भीतीने दडवून ठेवलेला नाही, हे पत्राच्या प्रत्येक वाक्यातून जाणवणे, यातच त्याचे सारे सौजन्य असते. पर्किन्सच्या पत्रात स्तुती होती, परंतु ती ज्या गुणाची होती तो गुण लेखनात खरोखर होता; दोषदर्शन होते, परंतु ते ज्या जागेचे होते ती जागा लेखकाला शोधून सापडण्यासारखी होती.

आता अशी पत्रे दुर्मिळ का असतात, याचा खुलासा करावयाचा तर इंग्रजी प्रकाशनव्यवसायाची रचना थोडी समजून घेतली पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत लेखक आणि प्रकाशक यांचा व्यवहार समोरासमोर होत असे. १८७५ च्या सुमारास लंडनमध्ये ए. पी. वॉट या गृहस्थाने लेखकांचे मुखत्यारपण हा स्वतंत्र व्यवसाय म्हणून सुरू केला, आणि १८९० नंतरच्या दशकात न्यूयॉर्कमध्ये पॉल रेव्हिअर रेनॉल्ड्स याने तोच कित्ता गिरविला. पुढे फिट्झजेराल्डच्या कथा मासिकांना विकणारा हॅरल्ड ओबर हा याच रेनॉल्ड्सच्या कचेरीतला. लिटररी एजंट म्हणून ओळखला जाणारा हा मध्यस्थ लेखकाच्या वतीने हस्तलिखित योग्य त्या प्रकाशकाकडे नेतो, करारातील अटी ठरवितो, भाषांतराचे व चित्रपटाचे हक्क राखून ठेवतो, आणि मिळालेल्या रकमेतून आपली दलाली कापून घेतो. ती प्रारंभी १० टक्के असे. आज ती बहुधा १५ टक्के आणि परदेशी हक्कांच्या बाबतीत २० टक्के असते. विक्री झाली तरच त्याला मिळकत होते. म्हणजे ज्या पुस्तकावर तो वर्ष-दोन वर्षे खर्च करणार, त्याच्याविषयी त्याला स्वतःला मनापासून विश्वास वाटणे ही त्याच्या उपजीविकेचीच निकड असते. बड्या इंग्रजी प्रकाशनसंस्थांपैकी बहुतेकांनी लेखकाकडून थेट आलेले लेखन घेणे बंद केल्यामुळे पहिला दरवाजा या मध्यस्थाचाच झाला आहे, आणि पहिला नकारही त्याच्याकडूनच येतो.

या दरवाजावर जो ढीग साचतो त्याची कल्पना बाहेरच्या माणसाला सहसा नसते. लेखक एक परिचयपत्र, कथानकाचा गोषवारा आणि पहिली काही प्रकरणे पाठवितो. एजंट किंवा त्याचा साहाय्यक, आपल्या जुन्या लेखकांची कामे आटोपल्यावर उरलेल्या वेळात, बहुधा रात्री किंवा सुटीच्या दिवशी, ती चाळतो. ज्या लेखकांना तो नाकारतो त्यांच्याकडून त्याला एक कवडीही मिळत नाही, म्हणून त्या नकारावर घालविलेली प्रत्येक घटका त्याच्या पदरची असते. हे ध्यानी घेतले म्हणजे छापील मजकुराच्या नकाराविषयी वाटणारा संताप थोडा शमतो. त्या मजकुरात क्रौर्य नसते. त्यात फक्त माणूस नसतो. आणि या ठराविक चाकोरीतून बाहेर येऊन जेव्हा कोणी दोन ओळी आपल्या हाताने लिहितो, तेव्हा त्याने आपल्या वेळातून, प्रतिफळाची कोणतीही अपेक्षा न ठेवता, काहीतरी दिलेले असते.

नकारांत पायऱ्या असतात, आणि लिहिणाऱ्याला त्या ओळखता येणे हिताचे आहे. सर्वांत खालची पायरी म्हणजे मौन: अमुक आठवड्यांत उत्तर आले नाही तर नकार समजावा, अशी सूचना आज पुष्कळ एजंट आधीच देऊन ठेवतात. त्यावर छापील चिठ्ठी. त्यावर, त्याच छापील चिठ्ठीच्या कोपऱ्यात शाईने लिहिलेली एखादी ओळ. या ओळीचे मोल किती असते हे स्टीफन किंग या अमेरिकन कादंबरीकाराने आपल्या लेखनकलेवरील पुस्तकात सांगितले आहे. पोरवयापासून तो कथा पाठवीत असे आणि परत आलेल्या चिठ्ठ्या भिंतीतल्या खिळ्याला टोचून ठेवीत असे. चौदाव्या वर्षापर्यंत त्या खिळ्याला भार पेलवेना, तेव्हा त्याने मोठी सळई ठोकली आणि लिहिणे चालू ठेवले. सोळाव्या वर्षी एका मासिकाच्या संपादकाने फाउंटन पेनाने, डाग पडलेल्या अक्षरांत, कथा चांगली आहे परंतु आमच्यासाठी नाही, तुझ्यात गुण आहेत, पुन्हा पाठव, अशा अर्थाची चार त्रोटक वाक्ये लिहून धाडली. पुढे काही वर्षांनी, नाव झाल्यावर, त्याने तीच कथा पुन्हा लिहून त्याच मासिकाकडे पाठविली आणि ती छापली गेली.

याहून वरची पायरी म्हणजे कारणे देणारे सविस्तर पत्र. आणि सर्वांत वरची म्हणजे, एवढे बदल करून पुन्हा दाखवा, असे स्पष्ट निमंत्रण. या शेवटच्या दोन पायऱ्यांवर लेखकाची खरी कसोटी लागते, कारण येथे त्याला दोन उलट दिशांचे मोह होतात. एक मोह असा की, सौजन्याच्या प्रत्येक शब्दात आश्वासन वाचावे. तुमचे लेखन आमच्या यादीत बसत नाही, मी त्याच्या प्रेमात पडू शकलो नाही, दुसऱ्या एखाद्या एजंटचे मत निराळे असू शकेल, ही वाक्ये इंग्रजी व्यवहारात शेकडो पत्रांतून जशीच्या तशी जातात. ती सभ्यतेची वाक्ये आहेत आणि त्यांत काही दडलेले नसते. त्यांचा अर्थ लावण्यात रात्री घालविणारे आणि त्यांना उत्तरादाखल लांबलचक खुलासे लिहिणारे लेखक स्वतःला निष्कारण क्लेश देतात. दुसरा मोह याच्या उलट: नकार तो नकारच, असे म्हणून पत्र न वाचताच फाडून टाकावे आणि त्यात ज्या पानाचा, ज्या पात्राचा, ज्या प्रकरणाचा नेमका उल्लेख आहे तिकडे पाठ फिरवावी. पत्रात आपल्याच कृतीविषयीचे, दुसऱ्या कोणत्याही कृतीला लागू न पडणारे एखादे वाक्य आहे काय, हे पाहावे. असे वाक्य असेल तर ते लिहिणाऱ्याने वाचले आहे; आणि वाचणाऱ्याच्या शब्दाला, तो प्रतिकूल असला तरी, काही दिवस मनात मुरू द्यावे. फिट्झजेराल्डचे पहिले पुनर्लेखन घाईचे होते आणि ते फसले. दुसरे, मध्ये बराच काळ जाऊन आणि आयुष्यात पुष्कळ उलथापालथ होऊन झाले, आणि ते साधले. ही गोष्ट मला योगायोगाची वाटत नाही.

जेथे असा एकही शब्द येत नाही तेथे लेखकाची अवस्था काय होते, हे आपल्याच देशातील एका उदाहरणावरून दिसते. म्हैसूरमध्ये राहणाऱ्या आर. के. नारायण यांची पहिली कादंबरी इंग्लंडमधील एकामागून एक प्रकाशकांकडून परत येत राहिली, तेव्हा वैतागून त्यांनी ऑक्सफर्डमध्ये असलेल्या आपल्या मित्राला कळविले की, त्या बाडाला धोंडा बांधून ते थेम्स नदीत बुडवून टाक. मित्राने ते न करता बाड ग्रॅहम ग्रीन या कादंबरीकाराच्या हाती दिले. ग्रीनने ते वाचले, प्रकाशक मिळवून दिला, आणि १९३५ साली ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ बाहेर पडली. त्या आधीच्या प्रकाशकांपैकी एकाने जरी कादंबरीतल्या स्वामी या पोराविषयी दोन शब्द लिहिले असते, तरी धोंडा बांधण्याची भाषा बहुधा नारायण यांच्या मनात आली नसती.

मराठीत एजंटाची संस्था रुजली नाही. आमचा लेखक आपले बाड स्वतः काखोटीस मारून किंवा टपालाने थेट संपादकाकडे वा प्रकाशकाकडे पाठवीत आला, आणि सोबत आपला पत्ता लिहिलेले व पुरेशी तिकिटे लावलेले पाकीट जोडीत आला. ते पाकीट परत दारात आले की उघडण्यापूर्वीच, त्याच्या जाडीवरून, आत काय आहे ते त्याला कळे. परंतु ज्याला सहृदय नकार म्हणावे त्याची परंपरा मराठीत होती, आणि ती एका मासिकाभोवती विशेष दृढ झाली. १९३३ साली सुरू होऊन १९८२ साली बंद पडलेले ‘सत्यकथा’ हे मासिक मुंबईत गिरगावातील खटाववाडीतून निघत असे, श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे त्याचे संपादक. या दोघांनी परत केलेल्या कथांसोबत धाडलेली पत्रे मराठी लेखकांच्या दोन पिढ्यांच्या आठवणींत वारंवार येतात. कथा कोठे सैल पडली, कोणत्या प्रसंगानंतर निवेदकाला आपला सूर गवसला नाही, कोणता परिच्छेद लेखकाने स्वतःच्या मोहापायी ठेवला आहे, हे त्या पत्रांत सांगितलेले असे. एकेका कथेचे पुनर्लेखन दोन-तीनदा होई, आणि एवढे होऊनही ती कधी छापली जाई, कधी जात नसे. एखाद्या तालुक्याच्या गावी शाळेत शिकविणाऱ्या तरुणाला मुंबईहून असे पत्र येणे म्हणजे कोणीतरी त्याला लेखक म्हणून गणले, हे पहिल्यांदा कळणे होते.

राम पटवर्धनांच्या संदर्भात एक धागा आवर्जून सांगितला पाहिजे. ‘पाडस’ हे त्यांचे भाषांतर मराठी वाचकाने डोक्यावर घेतले. मूळ कादंबरी मार्जोरी किनन रॉलिंग्ज या अमेरिकन लेखिकेची, ‘द इयरलिंग’. ती १९३८ साली स्क्रिब्नर्सने काढली आणि १९३९ साली तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. या लेखिकेचा संपादक मॅक्सवेल पर्किन्स हाच होता. फ्लोरिडातील झाडोऱ्याच्या प्रदेशात राहणाऱ्या रॉलिंग्ज यांच्या मनात अन्य विषय घोळत असताना, तेथील माणसे, तेथली शिकार आणि तेथे वाढणारा एखादा मुलगा यांवर तुम्ही लिहा, असा लकडा त्याने पत्रांतून वर्षानुवर्षे लावला होता. दुसऱ्यांची बाडे वाचण्यात आणि त्यांच्या लेखकांना पत्रे लिहिण्यात ज्याची उमेदीची वर्षे गेली अशा मराठी संपादकाने, तसल्याच दुसऱ्या संपादकाच्या पत्रांतून वाढलेली कादंबरी मराठीत आणली. संपादकाचे श्रम पुस्तकावर कोठेही छापलेले नसतात. परंतु त्या कादंबरीतला ज्योडी हा मुलगा आणि त्याचे पाडस यांना मराठी घरांत जी जागा मिळाली, तिच्यामागे अशा श्रमांचे दुहेरी बळ आहे.

येथवर मी सहृदय नकाराची वकालत केली. तथापि त्याची मर्यादा न सांगणे हा वाचकाशी अप्रामाणिकपणा ठरेल. ती मर्यादा दाखविणारे पत्र एका थोर कवीचे आहे. १९४४ च्या उन्हाळ्यात जॉर्ज ऑर्वेल याने आपल्या ‘अॅनिमल फार्म’ या छोट्या कादंबरीचे हस्तलिखित लंडनच्या फेबर अँड फेबर या संस्थेत टी. एस. एलियट यांच्याकडे पाठविले. बिहारमधील मोतीहारी येथे जन्मलेल्या या लेखकाचे लंडनमधील घर त्याच सुमारास जर्मन उडत्या बॉम्बने उद्ध्वस्त केले होते, आणि पाने चुरगळलेली आहेत याबद्दल त्याने पत्रात दिलगिरी व्यक्त केली होती. प्रकाशक व्हिक्टर गोलान्झ यांनी ते आधीच नाकारले होते. जोनाथन केप या प्रकाशकाने प्रथम तयारी दर्शवून मग सरकारच्या माहितीखात्यातील एका अधिकाऱ्याच्या सल्ल्यावरून माघार घेतली होती, कारण रशिया त्या वेळी ब्रिटनचा दोस्त होता आणि डुकरांच्या राज्याची ती कथा कोणाविषयी आहे हे शेंबड्या पोरालाही कळण्यासारखे होते.

१३ जुलैला एलियट यांनी लिहिलेले उत्तर नकारपत्राचा उत्तम नमुना म्हणून आजही वाचण्याजोगे आहे. रूपककथा सफाईने हाताळली आहे, निवेदन वाचकाला धरून ठेवते, आणि स्विफ्टच्या गलिव्हरनंतर असे फार थोड्यांना साधले आहे, हे त्यांनी निःसंकोच लिहिले. त्यांचा आक्षेप दृष्टिकोणावर होता: सद्यःस्थितीवर टीका करण्यास हीच बाजू योग्य, अशी खात्री आम्हाला वाटत नाही. शिवाय डुकरेच सर्व प्राण्यांत बुद्धिमान, म्हणून शेत चालविण्यास तीच लायक. तेव्हा उणीव होती ती लोकहिताची चाड असलेल्या डुकरांची, असे कोणी म्हणू शकेल. हे पुस्तक जो छापील त्यालाच तुमची पुढची पुस्तके मिळतील हे जाणूनच आम्हाला वाईट वाटते, असेही त्यांनी शेवटी नमूद केले. वाचन सखोल, स्तुती यथार्थ, कारणे उघड आणि लेखकाविषयीचा आदर खरा. पर्किन्सच्या पत्रात जे होते ते सारे येथे होते. आणि तरीही ते पत्र चुकले. ऑर्वेलला जे सांगायचे होते ते सत्तेविषयी होते, आणि अधिक सज्जन डुकरे आणून ती कथा सुधारली नसती; ती नाहीशी झाली असती. सेकर अँड वॉरबर्ग या लहान संस्थेने कागदाच्या टंचाईत कसेबसे १७ ऑगस्ट १९४५ रोजी ते पुस्तक काढले. ऑर्वेलने एलियट यांच्या अभिप्रायापायी एकही ओळ बदलली नव्हती, आणि त्याचे करणे सर्वथा उचित होते.

तेव्हा पर्किन्सचे पत्र मानणारा फिट्झजेराल्ड बरोबर आणि एलियट यांचे पत्र बाजूस ठेवणारा ऑर्वेलही बरोबर, हे कसे? माझ्या समजुतीप्रमाणे उत्तर असे आहे की, पर्किन्सने लेखकाला त्याच्याच वाटेने पुढे जाण्यास सांगितले, आणि एलियट यांनी दुसरी वाट दाखविली. पहिल्या पत्राने फिट्झजेराल्डला जे अंधूक दिसत होते ते स्पष्ट केले. दुसऱ्याने ऑर्वेलला जे लख्ख दिसत होते ते मान्य केले नाही. पत्र हाती पडल्यावर लेखकाने हा भेद स्वतःच करावयाचा असतो, आणि तो करताना पत्र लिहिणाऱ्याच्या कीर्तीचा उपयोग होत नाही.

मराठीतही असा भेद करण्याचा प्रसंग व्यक्तीच्या नव्हे तर एका पिढीच्या पातळीवर आला. १९६९ साली लघुअनियतकालिकांच्या चळवळीतील तरुणांनी ‘सत्यकथे’च्या अंकाची होळी केली. त्या होळीवर त्या वेळी पुष्कळ लिहिले गेले, आणि जे मासिक नवोदितांना सर्वांत अधिक पत्रे लिही त्याच्याच वाट्याला हे यावे याची अनेकांना खंत वाटली. ही खंत मला समजते. परंतु त्या तरुणांची बाजूही तितक्याच गांभीर्याने समजून घ्यावीशी वाटते. कथेचा घाट, भाषेची सफाई, अनुभवाची एकात्मता यांविषयीच्या ज्या सूचना त्या पत्रांतून येत, त्या विशिष्ट अभिरुचीतून येत. कामाठीपुऱ्याच्या, झोपडपट्टीच्या, फुटपाथच्या भाषेत लिहू पाहणाऱ्याला त्या सूचनांत आपल्या लेखनाचे नव्हे, तर आपल्या भाषेचेच पुनर्लेखन मागितले जात आहे असे वाटणे स्वाभाविक होते. पत्र कितीही विस्तृत, कितीही आस्थेने लिहिलेले असले तरी, दरवाजा एकच असेल तर त्या आस्थेचाही जाच होतो. म्हणून त्या पिढीने सायक्लोस्टाइलच्या यंत्रावर आपले अंक स्वतः काढले, ‘असो’, ‘वाचा’, ‘येरू’, ‘फक्त’ अशी नावे त्यांना दिली, ते हातोहात वाटले, आणि मराठी कवितेचा पुढचा पुष्कळसा भाग त्या कागदांतून आला.